मुळांचा रकाना, पायांचा रकाना

२ फेब्रुवारी, सोमवार

ही वही काट्यांसाठी आणली होती. दुरुस्तीला आलेला वजनकाटा किती ग्रॅमने आणि कुठल्या बाजूला खोटं बोलतो, हे तो उघडण्याआधी लिहून ठेवायची माझी पद्धत आहे. एकतीस वर्षं हेच करतेय. माणसांपेक्षा काट्यांचा स्वभाव तुला लवकर कळतो, असं ताई म्हणते. पहिल्या पानावर मात्र आज ताईच येऊन बसली.

हाडांच्या डॉक्टरांनी आज पुन्हा तारीख दिली नाही. पहिल्यांदा खोकला आडवा आला, दुसऱ्यांदा रक्तदाब, आणि आज वजन. ताई चव्वेचाळीस किलो दोनशे ग्रॅम भरली. "खुब्याचा सांधा बदलायचा तर अंगात काहीतरी शिल्लक हवं," डॉक्टर म्हणाले. "रक्तातलं प्रथिनही कमी आहे. आठ आठवड्यांनी अठ्ठेचाळीस किलो होऊन या." जसे काही वरचे चार किलो आम्ही घरी विसरून आलो होतो.

ताई नोव्हेंबरपासून माझ्याकडे आहे. तिचं स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि तिला एक पायरी चढवत नाही. माझं घर तळमजल्यावर. परतताना मी म्हटलं, "घाई कशाची आहे? इथे तुला काय कमी आहे?" ती म्हणाली, "छप्पन्न दिवस," आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

३ फेब्रुवारी

आहारतज्ज्ञ बाई वयाने लहान आहे, कानावर पेन लावून बसते. रोज साठ ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत म्हणाली. "अंडी, मासे, मटण?"

"नाही," ताई म्हणाली.

"दूध?"

"चहापुरतं."

मी सगळं खाते. ताईने मात्र कसायाच्या दुकानावरच्या खोलीत एकवीस वर्षं शिवणकाम केलं. गिऱ्हाइकांचे कपडे रोज दोनदा हवेशीर टांगावे लागायचे म्हणे. तेव्हापासून अंड्याच्या वासानेही ती नाक मुरडते. मी हे बाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "हरकत नाही. झाडापाल्यातूनही होतं सगळं. फक्त ताट मोठं लागतं."

ताट मोठं लागतं म्हणजे किती मोठं? हा किडा दिवसभर डोक्यात वळवळतोय. घरात बावीस काटे असलेल्या बाईने असा प्रश्न नुसता सोडून द्यायचा म्हणजे कमाल झाली.

४ फेब्रुवारी

मोजलं. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिन. तेवढ्यासाठी शिजलेली मसूर डाळ सत्तर ग्रॅम लागते, म्हणजे लहान वाटीला थोडी कमी. दिवसाच्या साठ ग्रॅमसाठी शिजलेलं चिकन दोनशे ग्रॅम, नाहीतर डाळ पाऊण किलोच्या जवळपास. दोन्ही ढीग दोन तबकांत घालून टेबलावर ठेवले. ताई काठी टेकून बघायला आली.

"हे एवढं मी खायचं?"

"डाळच खायचीस असं ठरवलंस तर."

"म्हशीला घालतात तेवढं आहे."

"म्हैस चव्वेचाळीस किलोची नसते."

मग मी वहीत दोन रकाने आखले. एक मुळांचा आणि एक पायांचा. ज्याला मुळं असतात ते एका बाजूला, ज्याला पाय असतात ते दुसऱ्या. मासा कुठे घालायचा, ताईने लगेच विचारलं. मी म्हटलं, पळून जाऊ शकतो ना, मग पायांत. दुधावरून अर्धा तास गेला. तिचं म्हणणं गाय गवत खाते, म्हणून दूध मुळांचं. असं धरलं तर मटणही मुळांचंच होईल, मी म्हटलं. शेवटी तिचं चहापुरतं दूध कुठेच धरायचं नाही असं ठरलं. अळंबीला मुळंही नाहीत आणि पायही नाहीत. तिला वहीबाहेर काढलं.

आमचा करार असा. चार आठवडे ताई फक्त मुळांच्या रकान्यातलं खाणार, साठ ग्रॅमच्या हिशेबाने. एक मार्चपर्यंत वजन सेहेचाळीस-दोनशे झालं तर ती जिंकली. नाही झालं तर रोज अंडं खायचं, तक्रार न करता. तुलना नीट व्हावी म्हणून मी चार आठवडे होईल तेवढं पायांच्या रकान्यातलं खाणार. ताईने हात पुढे केला. तिचा हात किती हलका लागतो, हे मी लिहून ठेवणार नव्हते, पण लिहिलं.

८ फेब्रुवारी, रविवार

पहिलं वजन. ताईला फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून पोत्यांच्या काट्यावर खुर्ची ठेवली आणि खुर्चीवर ती. खुर्चीचं वजन वजा. गाऊनचं वजन वजा, तीनशे दहा ग्रॅम. दर रविवारी हाच गाऊन घालायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा मोजायला नको, असं मी बजावलं.

"हाच?" तिने विचारलं.

"हाच."

चव्वेचाळीस-शंभर. वाढायच्या ऐवजी शंभर ग्रॅम कमी. ताईचा चेहरा पडला. मी म्हटलं, पहिला आठवडा आहे, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. हे मला कुठून माहीत, कोण जाणे.

११ फेब्रुवारी

आज लोहाबद्दल वाचलं. पायांच्या रकान्यातलं लोह शरीर पटकन उचलतं, मुळांच्या रकान्यातलं आढेवेढे घेतं. पण पालेभाजीवर लिंबू पिळलं तर तेही बऱ्यापैकी आत जातं. एका लिंबाची एवढी वट असेल असं वाटलं नव्हतं. ताईच्या सगळ्या ताटांवर आता लिंबू.

दुपारी मी पुढच्या खोलीत कामाला बसते तेव्हा ती आत जेवते. चणे, शेंगदाणे, वाटाणे, सोयाबीन, सगळं मोजून देते. अर्ध्या तासाने ताट धुऊन चकचकीत पालथं घातलेलं असतं. लहानपणी मला ताटाशी तासभर बसवून ठेवायची, आता स्वतः शहाण्यासारखी जेवते. आतल्या खिडकीशी पक्षी फार वाढलेत. चिमण्या, दोन कबुतरं, आणि एक कावळा तर आमंत्रण असल्यासारखा बाराच्या ठोक्याला येऊन बसतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

चव्वेचाळीस-सहाशे. पाचशे ग्रॅम वाढ. मी दोनदा बघितलं, काटा शून्यावर आहे ना तेही बघितलं. ताई म्हणाली, "दर आठवड्याला किती हवं म्हणालीस?" मी म्हटलं, आता साधारण आठशे हवेत. तिने मान हलवली.

कमी भरणारी लोखंडी वजनं बरोबर करायला त्यांच्या पोटात भरायचं शिसं संपत आलंय. डबा अर्ध्यावर आलाय. या महिन्यात एवढी वजनं भरल्याचं आठवत नाही. वय झालं, दुसरं काय.

१८ फेब्रुवारी

ताईसाठी खिडकीशी दिवा लावून घेतला, शिवताना तिला कमी दिसतं म्हणते. कपाटाचे खालचे दोन कप्पेही रिकामे करून दिले. सुताराला बोलावून तिचा पलंग चार बोटं उंच करून घेतला, म्हणजे उठताना खुब्याला त्रास नको. सुतार म्हणाला, किती दिवस आहेत ताई? मी म्हटलं, ऑपरेशननंतर वर्षभर तरी. आतून सुईदोऱ्याचा डबा बंद झाल्याचा आवाज आला.

२२ फेब्रुवारी, रविवार

पंचेचाळीस-तीनशे. मुळांचा रकाना भलताच जोरात आहे.

माझ्या रकान्याबद्दल स्पष्ट लिहायचं तर, तीन दिवस पोट साफ नाही. पायांच्या रकान्यात चोथाच नाही. अंड्यात नाही, माशात नाही, मटणात नाही, एक ग्रॅमही नाही. सगळा चोथा मुळांकडे. ताईला सांगितलं तर ती एवढी हसली की डोळ्यांत पाणी आलं. हसताना तोंडावर हात धरते हल्ली. या वयात हा लाजरेपणा नवीनच.

१ मार्च, रविवार

सेहेचाळीस किलो दोनशे. ठरल्याबरहुकूम, ग्रॅमही इकडे तिकडे नाही. ताई करार जिंकली. मी मोकळेपणाने मान्य केलं.

पण एक गोष्ट डाचतेय. तिच्या बोटातली अंगठी आज हात धुताना घरंगळून मोरीत पडली. दोन किलो वाढलेल्या माणसाची अंगठी सैल कशी होते? आहारतज्ज्ञ बाईला फोन केला. ती म्हणाली, "चेहऱ्यावर दिसतंय का वजन?" मी म्हटलं, चेहऱ्यावर नाही, आधी हाडांत जात असेल. ती नुसतं "हं" म्हणाली. मला रागच आला तिचा. माझा काटा पाच ग्रॅमनेही चुकत नाही.

५ मार्च, गुरुवार

काम बाजूला ठेवून लिहिते.

ताई अंघोळीला गेली होती. गाऊन खुर्चीच्या पाठीवर होता. केर काढायला खुर्ची सरकवली तर गाऊन खाली पडला, आणि पडल्याचा आवाज आला. सुती गाऊन पडल्याचा आवाज येत नाही. उचलला तर हातालाच कळलं. काट्यावर ठेवला. दोन किलो सहाशे दहा.

खालची दुमड उसवली. आत चपटे केलेले शिशाचे तुकडे, एकेक तुकडा कापडाच्या चिंधीत गुंडाळून, दोन बोटांच्या अंतरावर शिवलेला. टाके इतके सारखे, की राग आलेला असतानाही मी ते बघत बसले.

ती काठी टेकत बाहेर आली. मी जमिनीवर, मांडीत शिसं घेऊन.

"जड पडद्यांच्या दुमडीत घालतात," ती म्हणाली. "पडदा सरळ पडतो."

"तू पडदा आहेस का?"

"मला अंडं नको होतं."

"अंड्यासाठी हे? अगं, भूल देणारे डॉक्टर वजन बघून औषध ठरवतात. जीव गेला असता तुझा."

"तिथे गाऊन बदलायला लावतात हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं," ती म्हणाली आणि पलंगावर बसली.

एरवी मी हसले असते. पण मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. "चणे कुठे गेले?" मी विचारलं. तिने खिडकीकडे बघितलं. कावळा आलेला होता.

मग तिने वरची कवळी काढून टेबलावर ठेवली. हिरड्या लालभडक, दोन ठिकाणी जखमा. बारीक होत गेली तशी कवळी सैल झाली आणि घासायला लागली. जानेवारीपासून ती डाळीचं वरचं पाणी, चहा आणि चहात बुडवलेला पाव, एवढ्यावर आहे. मी मुळं आणि पाय मोजत बसले, आणि तिला चावताच येत नव्हतं.

"सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर आधी दातांचं, मग खुब्याचं. पुन्हा तारीख पुढे." कवळी बोटाने सरळ करत ती म्हणाली, "मला घरी जायचंय, धाकटे."

हे मला लागलं. हे घर नाही तर काय आहे? दिवा आहे, कप्पे आहेत, पलंग उंच केलाय. उठले, हॉस्पिटलला फोन केला आणि तीस मार्चच्या फेरतपासणीची तारीख तीन आठवडे पुढे घेतली. शिसं वजा केलं तर ताई त्रेचाळीस-नऊशे, तेवढ्यावर कुणी ऑपरेशन करणार नाही, हे उघड आहे. मी बरोबरच केलं.

६ मार्च

ताई दिवसभर खिडकीशी शिवत बसली. संध्याकाळी म्हणाली, "तारीख तू मला न विचारता ढकललीस."

"शिसं तू मला न विचारता घेतलंस."

"शिसं तुझं होतं. तारीख माझी होती."

मी शिशाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

९ मार्च, सोमवार

दातांच्या डॉक्टरांनी जखमांना मलम दिलं आणि कवळी आतून भरून घट्ट करून द्यायचं कबूल केलं. दहा दिवस मऊ खायचं. मी त्यांना माझे दोन्ही रकाने समजावून सांगितले. ते गृहस्थ शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "बाई, पोटाच्या आधी तोंड येतं." वहीत लिहून ठेवलं, कारण एकतीस वर्षांत मला हे कळलं नव्हतं. काटा बिघडला म्हणून आला की मी आधी पारडं पुसते, मगच पोट उघडते. ताईच्या बाबतीत थेट पोटावर गेले.

१३ मार्च, शुक्रवार

मंगळवारी सकाळी ताई म्हणाली, "अंडं आण."

"जबरदस्ती नाही गं."

"मी हरलेय. करार आहे. आण."

मऊ उकडलं, कुस्करलं, मीठ-मिरी घातली. तिने एका हाताने नाक दाबलं आणि चमच्या-चमच्याने संपवलं. तिच्याइतकीच मीही श्वास धरून बसले होते. शेवटी नाक सोडून म्हणाली, "चव काही नाही. पण हिरडीशी भांडत नाही."

रोज एक. दुसरं मागितलं नाही आणि मीही आग्रह केला नाही. बाकी सगळं मुळांचंच, पण वाटलेलं. डाळ-तांदूळ मऊ शिजवून, बटाट्यात शेंगदाण्याचं कूट, सोयाबीनचं दूध, वाटाण्याचं सूप. मी माझा रकाना बंद केला आणि तिच्याबरोबर तेच खायला लागले. माझं पोट तिसऱ्याच दिवशी ताळ्यावर आलं.

आता आम्ही एकत्र जेवतो. मी बारा वाजता काम थांबवते. कावळा दोन दिवस येऊन बघून गेला.

२२ मार्च, रविवार

पंचेचाळीस-सहाशे. खरं. आधी गाऊन काट्यावर, मग ताई. ती याला झडती म्हणते. कवळी परवा मिळाली, आज तिने भाजलेला पाव कडा धरून चावून खाल्ला. आवाज ऐकून मला बरं वाटलं.

५ एप्रिल, रविवार

सेहेचाळीस-सातशे.

आहारतज्ज्ञ बाई आज स्वतःहून फोनवर अर्धा तास बोलली. माझे प्रश्न तिला आवडतात असं म्हणाली, किंवा सुट्टीचा कंटाळा आला असेल. तांदळाच्या प्रथिनात एक भाग कमी पडतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत दुसरा एक भाग कमी, तो तांदळात असतो. दोन्ही दिवसभरात पोटात गेले की काम पुरं. मला हे फार आवडलं. दोन मोडक्या काट्यांचे भाग जोडून मी कितीदा एक चालता काटा केलाय. अंडं एकटंच सगळं घेऊन येतं, त्यामुळे ज्याच्या पोटात जागाच थोडी आहे त्याला ते सोयीचं. चांगलं चावता येणारा आणि पोटभर जेवणारा माणूस मुळांवर धडधाकट राहतो. फक्त बी-बारा म्हणून एक जीवनसत्त्व आहे, ते मुळांकडे नाहीच. त्याची गोळी घ्यावी लागते. ताईचं तेही कमी निघालंय, गोळी सुरू केली.

मग कोण जिंकलं, मी विचारलं. बाई म्हणाली, "तुमची ताई जेवायला लागली ना?" हे काही उत्तर नव्हे. पण दुसरं कुठलंही तिने दिलं नाही.

आजकाल ताई काठी न घेता टेबलापर्यंत येते, भिंतीला हात लावत. डॉक्टर जरा घाईच करताहेत का, असं मला वाटतं. इतकी सुधारणा आहे, तर अजून सहा महिने बघायला काय हरकत आहे?

१९ एप्रिल, रविवार

सत्तेचाळीस-आठशे. दोनशे ग्रॅम कमी. उद्या हॉस्पिटल. ताईने पिशवी भरून ठेवली आहे.

२० एप्रिल, सोमवार

हे नीट लिहायला हवं. जसं झालं तसं.

हॉस्पिटलच्या तपासणीच्या खोलीत उभं राहून वजन करायचा काटा आहे, गोल तबकडीचा. परिचारिका ताईला हाताला धरून घेऊन आली. ताई चढायच्या आधी मी तबकडीकडे बघितलं, सवयच आहे. रिकाम्या काट्याची सुई शून्यावर नव्हती, तीनशे ग्रॅम पुढे होती. ताई चढली. सुई अठ्ठेचाळीस-शंभरवर थांबली. परिचारिका म्हणाली, "वा," आणि लिहायला वळली.

बोलले नाही तर ताईचं ऑपरेशन. बोलले तर कदाचित पुन्हा तारीख. एकतीस वर्षांत मी कुणाचंही खोटं वजन चालू दिलं नाही, त्यामुळे बोलायचं हे ठरलेलंच होतं. पण मी तोंड उघडलं तेव्हा मला आतून बरं वाटत होतं, आणि ते का वाटतंय ते मला कळलं. खऱ्या वजनासाठी नव्हतं ते. ती अजून राहील, म्हणून होतं.

तरी बोलले. "काटा शून्यावर नाही. तीनशे कमी करा."

परिचारिकेने सुई बघितली, खालचा स्क्रू फिरवला, ताईला पुन्हा चढवलं. सत्तेचाळीस-आठशे. ताईने माझ्याकडे बघितलंही नाही.

डॉक्टरांनी कागद उलटसुलट केले. "रक्तातलं प्रथिन छान वर आलंय. दोनशे ग्रॅमसाठी मी कशाला थांबू? मला अंगात बळ हवं होतं, ते आलंय. अठ्ठावीसला करू." आणि पुढचा कागद घेतला.

बाहेर बाकावर बसल्यावर ताई म्हणाली, "बोलणारच होतीस तू."

"काटा चुकत होता."

"काटा बरोबर असता तर दुसरं काहीतरी काढलं असतंस."

मी नाही म्हणणार होते. नाही म्हटलं नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

ऑपरेशन झालं. दोन तास चाळीस मिनिटं. शुद्धीवर आल्यावर तिने आधी कवळी मागितली. मी जिन्यात जाऊन मनसोक्त रडले.

२ मे

वॉर्डात दुपारच्या ताटात उकडलेलं अंडं होतं. परिचारिका विचारायच्या आत ताईने ते सोलायला घेतलं. "कशाला बघतेस?" मला म्हणाली. "औषध आहे ते. आवडत नाही ते नाहीच."

मग कडेचे हिरवे वाटाणे एकेक करून सगळे खाल्ले, कडकडून चावून.

१६ मे

घरी. आज ताई अंगणाच्या फाटकापर्यंत गेली आणि आली. व्यायाम शिकवणारा माणूस म्हणतो, जिनाही जमेल, पंधरा दिवसांत. त्याच्या चहात मी साखर घालायला विसरले. विसरलेच, मुद्दाम नाही.

३१ मे, रविवार

ताई आज गेली.

सकाळी ती कप्पे रिकामे करत होती. मी दारात उभी राहून बरीच कारणं मनात जुळवली होती. जिना, एकटेपण, गोळ्यांच्या वेळा, तिकडे नीट जेवेल की नाही. सगळी खरी होती, एकेक तोलून बघितलेली. आणि मग त्यातलं एकही न काढता मी म्हटलं, "ताई, जाऊ नकोस. मला इथे एकटीला करमणार नाही."

तिने हातातली घडी खाली ठेवली. "हे एवढं बोलायला तुला सात महिने लागले," ती म्हणाली. रागावून नाही.

"राहतेस?"

"नाही."

मी मान हलवली. तिने मला पलंगावर शेजारी बसवलं. पलंग उंच असल्यामुळे माझे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"तू मला इथे खुर्चीत बसवून आणलंस, आठवतंय? दोघांनी उचलून दारातून आत घेतलं. मला लाज वाटली होती. तुला नाही सांगितलं. मला एकदा माझ्या घरून माझ्या पायांनी निघून तुझ्या दाराशी यायचंय आणि बेल वाजवायचीय. पाहुणी म्हणून. मग ठेवून घे हवे तितके दिवस."

"कधी?"

"ते मी सांगणार नाही. तू त्या दिवसाचाही करार करशील."

दुपारी तिला सोडून आले. तिसऱ्या मजल्यापर्यंत ती चढली, प्रत्येक मजल्यावर थांबून. मी मागे राहिले, हात पुढे करून, पण लावला नाही.

१ जून, सोमवार

आपली बेल वाजत नाही. आज सहज दाबून बघितली, तेव्हा कळलं. काटे घेऊन येणारी माणसं दार ठोठावतात किंवा हाक मारतात, त्यामुळे किती महिने किंवा वर्षं ती बंद होती, सांगता येणार नाही. सगळी कामं बाजूला ठेवली आणि बेल उघडली. तार गंजून तुटली होती, नवीन घातली. बाहेर जाऊन चार वेळा दाबली. पण आत ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून शेजारणीला आतल्या खोलीत, ताईच्या पलंगावर, नेऊन बसवलं आणि पुन्हा बाहेर गेले.

ती आतून म्हणाली, येतोय आवाज.